माझी चाळीस मिनिटं

बोलणं हे माझं काम नव्हे. ठरल्या वेळी किरकिर करायची, एवढंच माझं काम. मग कुणीतरी धावत येतं, पाव बाहेर काढतं आणि माझं तोंड बंद होतं. पण एका घरात माझ्यामुळे जे झालं, ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी बेकरीतला टायमर. पत्र्याचा, गोल, तळहातात मावणारा. अंगावर एकेकाळी पांढरा रंग होता, आता बरंचसं पीठच आहे. पोटात स्प्रिंग, तोंडावर साठ रेघा. तबकडी पिळून हव्या त्या आकड्यावर न्यायची आणि सोडून द्यायची. मी कर्रकर्र करत शून्यावर येतो आणि घंटा वाजवतो. मला सेल लागत नाहीत. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. माझी चाळीस मिनिटं म्हणजे जगाची सेहेचाळीस. मी सावकाश चालतो. म्हातारपणामुळे नाही, जन्मापासूनच.

कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई बसायच्या. हातात घड्याळ, समोर आमची रांग. प्रत्येकाला लावून बघायला वेळ कुणाला आहे, म्हणून त्या दर विसावा टायमर तपासायच्या. मी एकोणिसावा होतो. माझ्या मागचा बरोबर निघाला आणि त्याच्या जिवावर आम्ही वीसही जण ‘तपासले’ असा शिक्का घेऊन खोक्यात गेलो. मला स्वतःला काही माहीत नव्हतं. आपलं मिनिट प्रत्येकाला बरोबरच वाटतं.

मालकांनी मला घेतलं ते बेकरी उघडली त्या आठवड्यात. तेव्हा ते तिशी-पस्तिशीचे असतील. पहिले वीस दिवस त्यांनी नुसते पाव बिघडवले. मला तीसवर लावलं, पाव आत कच्चा. पन्नासवर लावलं, कोळसा. शेवटी चाळीसवर जमलं. त्यांनी डांबराच्या रंगात बोट बुडवून भट्टीशेजारच्या भिंतीवर लिहिलं, ‘मोठा पाव ४०’. खाली बन, बिस्किटं, केक आणि त्यांचे आकडे. हे सगळे आकडे माझे होते. जगाच्या घड्याळाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण पाव सुरेख व्हायचा, त्यामुळे कुणी चौकशी केली नाही. पुढची बावीस वर्षं ती भिंत आणि मी, आम्ही दोघांनी बेकरी चालवली, असं मी मनातल्या मनात म्हणत आलो.

मालक शिस्तीचे. घंटा वाजल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही, वाजल्यावर क्षणभर थांबायचं नाही. पीठ मळायला त्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ. घरातल्या मुलींचा तो मामा, म्हणून सगळ्या रस्त्याचाच मामा झाला. पुढे गल्ल्यावर मालकीण बसायच्या. आठ वर्षांपूर्वी त्या गेल्या. थोरली मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. चार दिवस गल्ल्यावर बस म्हणून तिला बोलावलं, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. कॉलेज सुटलं. डिग्री तिने गल्ल्यावरच बसून पोस्टाने अभ्यास मागवून पूर्ण केली, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. ती कुरकुरली नाही. त्यामुळे सगळ्यांनी असं धरून चाललं की तिला हेच आवडतं.

तिला ते आवडत नव्हतं, हे मला एका दुपारी जेवताना कळलं. भट्टीच्या खोलीतच ते सगळे जेवायचे. ती म्हणाली की तिने मोठ्या बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. परीक्षा बावन्न दिवसांवर आहे आणि तिला रोज दुपारी दोन ते चार सुट्टी हवी आहे. ती हे असं बोलली, की जणू यीस्ट संपलंय म्हणून सांगतेय. मामाचा घास हातातच राहिला. धाकटी ताटाकडे बघत होती, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. धाकटी एक्स-रे काढायचा कोर्स संपवून नोकरीची वाट बघत घरी होती. दुपारी गल्ल्यावर मी बसेन, ती म्हणाली.

मालकांनी आधी जेवण पूर्ण केलं. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, “एकदाच दे. झालं तर जा, इकडचं मी बघून घेईन. नाही झालं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.”

थोरली म्हणाली, “बरं.”

ती ‘बरं’ म्हणते तेव्हा ते पक्कं असतं. बापाचंही तसंच. म्हणजे तिचं सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलं. लागली तर दोन वर्षं शिक्षण, मग एखादं मोठं ऑफिस, दुसरं गाव, दुसरं आयुष्य. नाही तर गल्ला.

पिठाच्या कोठारात तिने जागा केली. दोन पोत्यांवर आडवी फळी ठेवली की झालं टेबल, एक पोतं बसायला. केकच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बावन्न चौकोन आखून भिंतीला लावले. मोबाइल धाकटीच्या ताब्यात दिला, कारण तो हातात असला की ती आधी एक मिनिट बघायची आणि मग अर्धा तास. पहिले वीस दिवस नुसते धडे. त्यानंतर जुन्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचं जाडजूड पुस्तक निघालं आणि वेळ लावून पेपर सोडवायची पाळी आली.

त्या दिवशी मालक कोठारात आले ते मला घेऊन. आधी त्यांनी मला ॲप्रनला पुसलं, मग नखाने रेघांमधलं पीठ काढलं. इतक्या वर्षांत माझी अशी आंघोळ झाली नव्हती. “हा घे,” ते म्हणाले. “याने मला कधी दगा दिला नाही.”

त्यांनी भट्टीसाठी त्याच सकाळी नवीन टायमर आणला होता, आकडे उमटणारा, पिक् पिक् करणारा. तो तिला देता आला असता. पण कालच्या वस्तूवर पोरीची परीक्षा सोपवायला त्यांचं मन तयार होईना. पाव सोपवायला हरकत नव्हती. बापाच्या परीने तो आशीर्वाद होता आणि थोरलीला तो कळला. तिने मला फळीच्या मधोमध ठेवलं. मी तेव्हा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

परीक्षा अशी होती. तीन भाग. एक उताऱ्यांचा, एक तक्ते आणि कोड्यांचा, एक गणिताचा. प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. वेळ संपली की तो भाग कॉम्प्युटर आपोआप बंद करतो, उत्तर येत असलं तरी लिहिता येत नाही. चुकलं तर गुण कापतात. तिने मला चाळीसवर लावायचं, एक भाग सोडवायचा, घंटा झाली की पेन खाली, आणि लगेच दुसरा.

गणितात तिला कुणी हात धरू शकलं नसतं. आठ वर्षं गल्ल्यावर काढल्यावर टक्केवारी बोटांवरच असते. अडचण उताऱ्यांची. उतारे असायचे शेवाळाच्या जातींवर, जुन्या जहाजांच्या दोरखंडांवर, एका विद्वानाने दुसऱ्या विद्वानाच्या मताबद्दल तिसऱ्याला काय सुनावलं त्यावर. ती दोन परिच्छेद वाचायची आणि लेखकाला म्हणायची, मुद्द्यावर या ना. गिऱ्हाइकाला असं म्हणता येत नाही, म्हणून बहुतेक इथे म्हणून घ्यायची. कोड्यांत सहा मित्र गोल टेबलाभोवती बसलेले असायचे. डॉक्टर वकिलाच्या शेजारी बसत नाही, निळ्या शर्टवाल्याला खिडकीकडे तोंड हवं, आणि मग चहा कोण पितं ते सांगा. पीठ न्यायला आलेल्या मामाने एकदा हे ऐकलं आणि विचारलं, की हे सहा जण गप्प का बसत नाहीत. त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटीही नव्हतं.

पण तिला जमायला लागलं. दहाएक दिवसांत तिचे तिन्ही भाग माझ्या घंटेआधी जवळजवळ पूर्ण व्हायला लागले. एखाद-दुसरा प्रश्न राहायचा. पुठ्ठ्यावरच्या चौकोनांत ती रोजचे गुण लिहायची आणि ते चढत होते. मला वाटलं, माझा पायगुण.

एकच गोष्ट खटकायची. दोनला बसून चारला उठायला हवं, आणि ती रोज सव्वाचारनंतर बाहेर यायची. धाकटीने एकदा तिला घड्याळ दाखवलं. थोरली म्हणाली, दोन भागांच्या मध्ये पाणी प्यायला उठते ना, तिथे वेळ जातो. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी बंद केलं. तरी सव्वाचार वाजून गेलेच. मग पानं उलटण्यात वेळ जात असेल, असं दोघींचं ठरलं. हुशार माणसं स्वतःला दोष द्यायला किती पटकन तयार होतात, हे मी तिथे पाहिलं.

इकडे कोठाराच्या दारापलीकडे वेगळाच तमाशा चालू होता. मी भट्टीवरून हललो त्याच दिवसापासून पाव पांढरा पडायला लागला. वरून फिका, आत चिकट. पुन्हा भट्टीत घातला तर वरून करपायचा आणि आत तसाच. मालकांनी पहिला संशय नव्या टायमरवर घेतला. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी त्याला लावून बघितलं. सेकंदाचाही फरक नाही. नवा टायमर निर्दोष सुटला आणि पीठ आरोपी झालं. गिरणी बदलली. मग यीस्ट बदललं. मग भट्टीच्या विटा काढून बघितल्या. काही उपयोग होईना तेव्हा मालक मामाला म्हणाले, की तुझे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत.

त्या दिवसापासून मामा मालकांशी बोलेनासा झाला. काही सांगायचं झालं तर धाकटीला हाक मारायचा आणि म्हणायचा, बाई, त्यांना सांग मैदा संपत आलाय. ‘ते’ दोन हातांवर उभे असायचे. रोजचं एक गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, त्यांनी पाव परत आणून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाल्या, याला अजून एक वर्ष त्याच वर्गात बसवा. बावीस वर्षांत पाव परत यायची ही पहिली वेळ. मालकांनी तो घेतला आणि मान खाली घालून आत गेले.

हे सगळं मी दाराआडून ऐकत होतो. नवीन टायमर आला की असं व्हायचंच, असंही मला वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

परीक्षेला चौदा दिवस उरले असताना थोरली एका क्लासच्या हॉलमध्ये सराव परीक्षेला गेली. तिथे खऱ्यासारखे कॉम्प्युटर, खऱ्यासारखी वेळ. दुपारी ती परत आली आणि चपला न काढता कोठारात येऊन पोत्यावर बसली. धाकटी मागोमाग आली. थोरली सांगत होती, की तिन्ही भागांत पाच-पाच प्रश्न राहिले. येत होते, वाचले होते, एक तर सोडवून झाला होता, आणि पडदा बंद झाला. घरी असं होत नाही. घरी मला जमतं, तिथे माझे हातपाय गळतात, ती म्हणाली. मग ती रडली. मी तिला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

पुढचे पाच दिवस तिने आपल्या भीतीवर खर्च केले. धाकटीने कुठून तरी सल्ला आणला, की डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. ती घ्यायची. मग मला चाळीसवर लावायची, पेपर सोडवायची, आणि तो छान जायचा. म्हणजे खोट तिच्यातच, हे आणखी पक्कं व्हायचं. पुठ्ठ्यावर तिने गुणांच्या खाली लिहिलं होतं, ‘घाबरू नकोस’. तिला घाबरायचं काहीच कारण नव्हतं. तिच्यासमोर मी बसलो होतो, रोज तिला अठरा मिनिटं जास्त देत, आणि तिला वाटत होतं की तिला दोन तास मिळतायत.

नऊ दिवस उरले होते. थोरली गल्ल्यावर होती, पाव परत आणलेल्या एका माणसाशी मालक वाद घालत होते. ते म्हणाले, “चाळीस मिनिटं ठेवलाय साहेब, बावीस वर्षं चाळीसच ठेवतोय.”

थोरली सुटे पैसे मोजत होती. ती मोजता मोजता थांबली. सुटे तसेच गल्ल्यावर टाकून ती आत आली, भट्टीवरून नवीन टायमर उचलला, कोठारातून मला उचललं आणि मळायच्या टेबलावर आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. दोघांना चाळीसवर लावलं. मालकांनी विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, चाळीस मिनिटं थांबा बाबा, मग सांगते.

मालक, मामा, धाकटी आणि ती, चौघं टेबलाभोवती उभे राहिले. नव्याने पिक् पिक् केलं. माझ्या तबकडीवर अजून पाच रेघा शिल्लक होत्या. मी आपला नेहमीच्या चालीने कर्रकर्र करत होतो. थांबता येत नव्हतं आणि घाईही करता येत नव्हती. ती सहा मिनिटं चौघं माझ्या रेघांकडे बघत राहिले. मग माझी घंटा वाजली. बावीस वर्षं तिच्यावर माणसं धावत यायची. त्या दिवशी कुणी हललं नाही.

पहिल्यांदा मामा बोलला. “म्हणजे पीठ चांगलं होतं,” तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “आणि हातही, दाजी.” मालकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. तो समेट तिथेच झाला.

थोरलीकडे मात्र त्यांना बघवेना. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सरळ केलं. माझ्या पाठीवर ‘तपासले’ असा शिक्का अजून अर्धा दिसतो. ते म्हणाले, “मीच दिला तुला.” ती म्हणाली, “माहीत आहे बाबा.” त्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. ते ॲप्रन काढून मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि संध्याकाळची भट्टी मामाने पेटवली.

मला परत भट्टीवर ठेवलं आणि त्याच संध्याकाळी पाव पूर्वीसारखा झाला. खमंग, तांबूस. मोठ्या बाईंनी दोन नेले. पाव एका दिवसात सुधारला. थोरली कशी सुधारणार? सेहेचाळीस मिनिटांची सवय हाडात मुरली होती. नऊ दिवसांत वेग वाढत नाही. मग तिने प्रश्न सोडायला शिकायचं ठरवलं. पेपर हातात आला की आधी नजर फिरवायची आणि पाच-सहा प्रश्नांवर काट मारायची, येत असले तरी. नव्या टायमरची पिक् पिक् दाराआडून मला ऐकू यायची आणि पाठोपाठ तिचा हताश निःश्वास. त्या नऊ दिवसांत मालकांनी दुपारी दोन ते चार पीठ मळायचं मशीन चालू करू दिलं नाही. मामा हातांनी मळायचा. स्वतः मालक कोठाराच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे, कुणी मोठ्याने बोललं की नुसते बघायचे.

परीक्षा झाली. ती घरी आली आणि म्हणाली, बरी गेली. उतारे आणि गणित मनासारखे झाले. कोड्यांत एक सोडायचा तो धरून बसले. एवढंच.

निकाल महिन्या-दीड महिन्याने मोबाइलवर आला. तिने भट्टीच्या खोलीत येऊन वाचला. जिथे जायचं होतं तिथे मुलाखतीला बोलवायला नव्वद लागत होते. तिला सत्त्याऐंशी आणि वर काही दशांश. शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांना तिने मागे टाकलं होतं, पण उरलेल्या तेरा जणांपैकी तिघं तिला आडवे आले. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, झालं. घंटा व्हायला अवकाश होता तरी मालकांनी भट्टीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

त्यानंतर विषय निघाला नाही. थोरली शब्दाला जागली. कोठारातली फळी काढली, पोती जागेवर गेली, चौकोनांचा पुठ्ठा भट्टीत गेला. प्रश्नपत्रिकांचं पुस्तक तिने रद्दीच्या गठ्ठ्यात घातलं. ती गल्ल्यावर पूर्वीसारखीच हसून बोलायची. गिऱ्हाइकांना फरक कळला नसेल. मला कळायचा, कारण पूर्वी ती पाव घ्यायला आत आली की भिंतीवरचे आकडे उगाच मोठ्याने वाचायची, आता वाचत नव्हती. धाकटीला दुसऱ्या गावी हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि ती गेली. दुपारी गल्ल्यावर बसायला थोरलीखेरीज कुणी उरलं नाही.

रद्दीतलं पुस्तक मालकांनी काढून घेतलं. माझ्याच फळीवर ठेवलं, पिठाच्या चाळणीखाली. पाव आत गेला की ते चष्मा लावायचे आणि पुस्तक उघडायचे. सहा मित्र, गोल टेबल. पाव गुंडाळायच्या कागदावर ते गोल काढायचे, त्यात डॉक्टर लिहायचे, खोडायचे, वकील लिहायचे. मला चाळीसवर लावलेलं असायचं, म्हणजे त्यांना सेहेचाळीस मिळत होती. तरी त्यांना एकदाही जमलं नाही. मागचं उत्तर बघून ते पुन्हा नवा गोल काढायचे. एकदा मामाला म्हणाले, अरे, ही पोर असले साठ-सत्तर रोज सोडवत होती. आपल्याला वाटलं, ती नुसती वाचत बसलीये.

आता मी माझ्याबद्दल थोडं सांगतो आणि रजा घेतो. मी अजून भट्टीवर आहे. मला दुरुस्त करायचं एकदा निघालं होतं. मालक नको म्हणाले, याला नीट केलं तर भिंतीवरचं सगळं खोटं ठरेल. म्हणून मी आहे तसाच आहे, पावापुरता बरोबर. रोज चाळीसवर लागतो, सेहेचाळीस चालतो. स्प्रिंग अलीकडे थकली आहे, हिवाळ्यात आणखी सावकाश होतो, आणि ते मालकांना आता माहीत असतं. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं, भरवशाचं, कधी दगा न दिलेलं काही असेल. ते मुलांच्या हातात देण्याआधी एकदा भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघा. फार वेळ लागत नाही. आम्ही चाळीस मिनिटांत सापडलो होतो.

परवाची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. दुपारचे दोन वाजायला आले होते. मालकांनी एक पुठ्ठा आणून शटरला सुतळीने बांधला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दुकान दुपारी २ ते ४ बंद राहील’. मग त्यांनी शटर अर्धं ओढलं. थोरली गल्ल्यामागून उठली आणि वाकून तो पुठ्ठा वाचला. ती म्हणाली, “बाबा, आपलं ठरलं होतं.”

“मी ठरवलं होतं,” ते म्हणाले. “तू नुसतं बरं म्हणालीस.”

त्यांनी नवीन टायमर आणि ते पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. फॉर्मची शेवटची तारीख त्यांनी मोठ्या बाईंना विचारून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. थोरली त्या तारखेकडे बघत उभी राहिली. हात लावत नव्हती.

तेवढ्यात समोरच्या दुकानातले शिंपी रस्ता ओलांडून आले, गळ्यात टेप तशीच. गेल्या बावीस वर्षांत हे दुकान भर दुपारी एकदाच बंद झालेलं त्यांनी पाहिलं होतं, मालकीण गेल्या त्या दिवशी. ते शटरखालून वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “कुणी गेलं का?”

“नाही हो,” मालक म्हणाले. “घरात परीक्षा आहे.”

“कुणाची?”

“थोरलीची. मागच्या वेळी माझ्यामुळे हुकली.”

शिंप्यांनी मान हलवली, चारनंतर पाव नेतो म्हणाले आणि गेले. थोरलीने पुस्तक उचललं, टायमर उचलला आणि कोठाराकडे गेली. जाताना ती माझ्यासमोरून गेली. तिचे डोळे भरले होते.

हुकली ती माझ्यामुळे. मालकांना ते चांगलं माहीत होतं, चौघांसमोर मी पकडला गेलो होतो. पण भर रस्त्यावर सांगायची वेळ आली, तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं नाही.